रेवाकाठचे गाणे आणि हिंगणघाटचा माणूस

आज २६ डिसेंबर. १९१४ साली याच दिवशी हिंगणघाटला मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, जन्माला आले. आज वर्धा जिल्ह्यात ठिकठिकाणी बाबांच्या तसबिरीला हार घातले जातील, रक्तदानाची शिबिरे होतील, शाळांतून कुष्ठरोग्यांसाठी उभ्या केलेल्या आनंदवनाची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जाईल. ते सगळे व्हायलाच हवे. पण बाबांच्या आयुष्यातली दहा-एक वर्षे या दिवशी बहुधा गाळली जातात. १९९० साली, पंचाहत्तरी गाठलेला आणि पाठीच्या दुखण्याने धड बसताही न येणारा हा माणूस आनंदवन सोडून निघाला आणि मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावदला, नर्मदेच्या काठी जाऊन राहिला. जयंतीच्या भाषणांत ही वर्षे दोन वाक्यांत उरकतात. नर्मदेवरच्या धरणाविरुद्धची ती लढाई हरली गेली, आणि हरलेल्या लढाईचा उत्सव कसा करायचा हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

त्या वर्षांकडे जायची एक वेगळी वाट यंदा आमच्या हाताशी आहे. ती एका रॉक बँडच्या अल्बममधून जाते. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली टाइम्स म्युझिकने काढला. २०२५ साली त्याला पंचवीस वर्षे झाली. त्यात ‘मा रेवा’ नावाचे एक गाणे आहे. रेवा म्हणजे नर्मदा. गाणे नर्मदाकाठच्या लोकांचे, त्यांच्या तोंडी कधीपासूनचे असलेले. ते बँडपर्यंत पोचले राहुल राम यांच्याकडून. हे बँडचे बास गिटारवादक आणि गायक. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून परतलेला हा तरुण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेऐवजी नर्मदा खोऱ्यात गेला आणि नर्मदा बचाओ आंदोलनाचा कार्यकर्ता झाला. हिंगणघाटचा म्हातारा आणि हा गिटारवाला एकाच काळात, एकाच नदीसाठी, एकाच आंदोलनात होते. ‘कंदिसा’वर आजवर बरेच लिहिले गेले असेल, पण वर्ध्याहून त्याकडे पाहिले की हा धागा पहिल्यांदा दिसतो, आणि तो आमचा आहे.

आधी अल्बमविषयी. सुस्मित सेन यांचे गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा, या दोघांच्या मैत्रीतून ऐंशीच्या दशकात हा प्रवास सुरू झाला. १९९० मध्ये बँडला नाव मिळाले, मग राहुल राम आले आणि पुढे ड्रमवर अमित किलाम. पहिला अल्बम १९९३ साली एचएमव्हीने काढला. त्यानंतर दुसऱ्यासाठी स्टुडिओ मिळेना, तेव्हा ‘सहमत’ या संस्थेच्या दिल्लीतल्या कार्यक्रमात वाजवलेल्याचे ध्वनिमुद्रणच १९९७ साली ‘डेझर्ट रेन’ म्हणून बाहेर आले. ‘कंदिसा’ हा त्यांचा स्टुडिओत बसून केलेला दुसरा अल्बम.

तो काळ आठवा. दूरचित्रवाणीवर इंडिपॉपचा बहर होता. एक देखणा गायक, चार मिनिटांचे गाणे, बर्फातले किंवा वाळवंटातले चित्रण, आणि कॅसेटवर त्याचा मोठा फोटो. इंडियन ओशनमध्ये पुढे उभा राहणारा असा कोणी नव्हताच. चौघेही सारखे, तबलजी बसून गायचा आणि बासवाला उभा राहून. गाणी लांब. ‘खजुराहो’ ऐकायला बसले की ती रचना आपल्या वेळेने उलगडते, ऐकणाऱ्याच्या घाईची पर्वा करत नाही. हिंदी, भोजपुरी चळवळीतले एक गाणे, नर्मदेचे लोकगीत, शब्दांवाचून चालणारी आलापी, आणि शीर्षकगीत तर सिरियाक भाषेत. असा ऐवज घेऊन बाजारात उतरणाऱ्याला कोणत्याही दुकानदाराने परत पाठवले असते. तरीही अल्बम चालला, आणि जाहिरातीच्या जोरावर चालला असेही नाही. वसतिगृहाच्या खोल्यांतून, एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर उतरत, ‘हे ऐक’ एवढ्याच शिफारशीने तो गावोगावी गेला. महाविद्यालयांच्या मैदानांवर हजारो मुले त्यांच्यासोबत गाऊ लागली. समीक्षकांनी मात्र त्याचा वर्ग ठरवण्यात बराच वेळ घालवला. हे रॉक की फ्यूजन, लोकसंगीत की शास्त्रीय? आमच्या मते त्या चर्चेतून हाती काही लागले नाही. तबला आणि ड्रम एकमेकांना जागा देत वाजताना ऐकले की कळते, या चौघांनी एकत्र बसून, पुन्हा पुन्हा वाजवून हे घडवले आहे. एका सुरावर दुसरा सूर वरून चिकटवलेला कुठे ऐकू येत नाही.

सगळ्यांत नवलाचा स्वीकार झाला तो शीर्षकगीताचा. ‘कंदिसा’ म्हणजे पवित्र. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली ही प्रार्थना. सिरियाक ही येशूच्या अरामी भाषेची शाखा. भारतातल्या श्रोत्यांपैकी हजारात एकालाही ती येत नसेल. आणि तरी मैदान भरून लोक ती गात राहिले. याविषयी लिहिणाऱ्या अनेकांना हे कोडे वाटले की न कळणाऱ्या भाषेतली प्रार्थना रॉकच्या श्रोत्यांना इतकी का भिडावी.

वर्धेकरांना हे कोडे पडू नये. इथून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आश्रमात सकाळ-संध्याकाळ जी सर्वधर्म प्रार्थना होते, तिच्यात संस्कृत श्लोकांच्या शेजारी अरबीतली कुराणातली आयत आहे, पारशी प्रार्थना आहे, आणि ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा जपानी बौद्ध मंत्र आहे. जपानचे भिक्षू निचिदात्सू फुजी १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचे भिक्षू पुढे आश्रमात राहिले, हातातल्या डफावर ठेका धरून हा मंत्र म्हणत राहिले. युद्धात जपान उतरला आणि भिक्षूंना आश्रम सोडावा लागला, पण त्यांचा मंत्र प्रार्थनेत राहिला. तेव्हापासून या मातीतली माणसे, ज्यांना जपानचा नकाशाही ठाऊक नव्हता, ती हे शब्द म्हणत आली आहेत. अर्थ विचारून मग तोंड उघडायचे, असा तिथे नियम नव्हता. दुसऱ्याची प्रार्थना त्याच्याच शब्दांत म्हणायची, हाच तिचा अर्थ होता. इंडियन ओशनने पुढच्या, २००३ सालच्या ‘झिनी’ या अल्बमात कबीराचे चादर विणण्याचे पद घेतले आणि ‘नम्यो हो’ याच मंत्रावर एक रचना केली. ती त्यांनी सेवाग्रामवरून उचलली असे आम्ही म्हणत नाही. पण सूत, कबीर, जपानी मंत्र आणि अरामी प्रार्थना एकाच बँडच्या तीन-चार वर्षांच्या कामात एकत्र येतात, तेव्हा आश्रमातल्या पिंपळाखालची ती प्रार्थनेची बैठक ज्याने एकदा पाहिली आहे त्याला त्यात परके काही वाटत नाही. ‘कंदिसा’ ज्या कानाने ऐकायला हवा, तो कान वर्ध्याजवळ अल्बमच्या साठ वर्षे आधीपासून होता.

आता ‘मा रेवा’कडे येऊ, कारण आजचा दिवस त्या गाण्याचा आहे.

काल २५ डिसेंबर होता. १९९० साली त्याच तारखेला बडवानीच्या राजघाटावरून जनविकास संघर्ष यात्रा निघाली. खोऱ्यातले हजारो आदिवासी आणि शेतकरी, पुढे बाबा आमटे आणि मेधा पाटकर. जायचे होते सरदार सरोवराच्या धरणापर्यंत. गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथे पोलिसांनी यात्रा अडवली. आपल्याकडून हिंसा होणार नाही हे दाखवण्यासाठी लोक स्वतःचे हात बांधून पुढे सरकत होते. पुढच्या महिन्यात मेधाताई आणि त्यांचे सहकारी उपोषणाला बसले, ते बावीस दिवस चालले. थंडीच्या त्या रात्री हजारो माणसे उघड्यावर, रस्त्यावर राहिली. अशा मुक्कामात माणसे काय करतात? गातात. आंदोलनाची गाणी कागदावर कमी आणि अशा रात्रींत जास्त जन्मतात. खोऱ्यातले आंदोलन गाण्यांनी भरलेले होते हे त्यात राहिलेला प्रत्येक जण सांगतो, आणि राहुल राम त्या गाण्यांत वाढलेले संगीतकार आहेत. ‘मा रेवा’ ऐकताना ही पार्श्वभूमी काढून घेतली तर उरतो तो एक झकास ठेका.

बाबांनी १९९१ साली पद्मश्री आणि पद्मविभूषण हे दोन्ही किताब सरकारला परत केले, खोऱ्यातल्या आदिवासींना मिळालेल्या वागणुकीचा निषेध म्हणून. १९९३ मध्ये जागतिक बँक प्रकल्पातून बाहेर पडली. त्याच सुमारास आपल्याच महाराष्ट्रातले, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली पाण्याखाली जाऊ लागले. सरदार सरोवराने बाधित झालेली महाराष्ट्रातली गावे तेहतीस. हा आकडा मराठी माणसाला पाठ असायला हवा होता. मग आले २००० साल. त्या वर्षी ‘कंदिसा’ आला आणि त्याच वर्षी, १८ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरणाला पुढे जाण्याची मुभा दिली. विरोधी मत न्यायमूर्ती भरुचा यांचे. गाण्यात नदीला आई म्हणून हाक घातली जात होती, मैदानांवर मुले त्या हाकेवर नाचत होती, आणि खोऱ्यात पाणी चढत होते. अल्बमात ‘लीव्हिंग होम’ नावाचीही एक रचना आहे. घर सोडून जाणे. ती नर्मदेवर बेतलेली आहे असा दावा आम्ही करणार नाही, पण त्या वर्षी हे शब्द ज्यांच्या कपाळी आले त्यांना सोडून आम्ही ती ऐकू शकत नाही.

इथे आमची एक तक्रार आहे, आणि ती बँडपेक्षा श्रोत्यांविषयी, म्हणजे आपल्याविषयी आहे. या अल्बमचा स्वीकार उदंड झाला, पण अर्धाच झाला. राहुल राम मंचावरून नर्मदेविषयी बोलत आले, त्यांनी काही लपवले नाही. आपणच ऐकताना ठेका घेतला आणि नदी सोडली. महोत्सवात ‘मा रेवा’ची फर्माईश करणाऱ्या किती जणांनी मणिबेली नकाशावर शोधले असेल? कलेचा आस्वाद घेणाऱ्याने प्रत्येक वेळी इतिहासाचा धडा गिरवावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या गाण्याला गाव आहे, नदी आहे आणि बुडालेला काठ आहे, त्याचे निव्वळ नाचगाणे करणे हा त्या गाण्यावर अन्याय आहे.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती मोलाची आहे. आंदोलनाच्या सभा संपल्या, अहवाल कपाटात गेले, धरणाची उंची १३८.६८ मीटरवर पोचली, २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले, २०१९ मध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरले. बडवानीच्या राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई या तिघांच्या अस्थींचे स्मारक होते. म्हणजे बापूकुटी, बा कुटी आणि महादेव कुटी, सेवाग्रामच्या तीन झोपड्यांतली माणसे मृत्यूनंतर नर्मदेच्या काठी एकत्र विसावली होती. पाणी चढणार म्हणून २०१७ साली ते स्मारक तिथून उचलले गेले. ज्या काठावरून बाबांनी यात्रा काढली तो काठ आज पूर्वीचा नाही. पण गाणे आहे. १९९० साली जन्मलेलीही नव्हती अशी मुले आज ते गातात. ती अर्धवट ऐकत असतील, तरी नदीचे नाव त्यांच्या तोंडी आहे. हरलेल्या बाजूचे इतके काही जिवंत राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

असीम चक्रवर्ती हे पाहायला राहिले नाहीत. २५ डिसेंबर २००९ रोजी, संघर्ष यात्रेच्याच तारखेला, त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा आवाज रॉक गायकाचा नव्हता. मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात गाणाऱ्याचा होता. त्यांच्यानंतर बँड थांबला नाही. २०१० साली बँडने ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची गाणी महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट खुली केली. आपल्या गाण्याचे मालक आपणच, आणि ते कोणाला द्यायचे हे आपणच ठरवणार, हा त्यामागचा विचार होता. करोल बागेतल्या आपल्या सरावाच्या जुन्या बंगल्याचा पत्ताच त्यांनी अल्बमला नाव म्हणून दिला.

मालकीचा हा मुद्दा निघालाच आहे तर तो शेवटपर्यंत नेला पाहिजे. अल्बमवर कंपनीचे नाव असते, वादकांची नावे असतात. लोकगीताला मात्र कवी नसतो. ‘मा रेवा’ पहिल्यांदा कोणी म्हटले, कोणत्या घाटावर, कोणत्या बाईने पाण्यात दिवा सोडताना त्यात एक ओळ वाढवली, हे कुठेच लिहिलेले नाही. बँडने ते गाणे जगापुढे आणले म्हणून ते टिकले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पण खोऱ्यातल्या ज्या हजारो गळ्यांना बँड भेटला नाही, त्यांची गाणी कुठे गेली? गाव उठते तेव्हा घराचे, विहिरीचे, झाडांचे मूल्यांकन होते. गाण्याचा रकाना त्या पंचनाम्यात नसतो. माणसे पुनर्वसनाच्या वसाहतीत विखुरली की एकत्र बसून म्हणायची गाणी आपोआप सुटतात, कारण शेजारीण बदललेली असते, घाट नसतो, आणि ज्या झाडाखाली बसायचे ते झाडही नसते.

हे बोलताना नजर नर्मदेवरच ठेवायची गरज नाही. आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा धरण झाले. त्यासाठी गावे उठली. धरणाची गरज, मोबदल्याचे तंटे, कालव्यांचे पाणी यांवर आम्ही वेळोवेळी लिहिले आहे, पुढेही लिहू. पण त्या गावांची गाणी हा विषय आमच्याही लेखणीतून निसटला, हे मान्य केले पाहिजे. भादव्यात मांडलेल्या भुलाबाईपुढे तिथल्या मुली कोणती गाणी म्हणत? पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिल्यावर झडत्या म्हणण्यात कोणाचा हात कोणी धरू शकत नसे? दंडार कोणत्या चौकात होई? जात्यावरच्या ओव्यांत वर्धा नदीचे नाव कसे येई? हे सांगणारी माणसे अजून आहेत. सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत.

असे काम होऊ शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले. लोकगीताला कवी नसतो हे वाक्य त्या नोंदवह्यांनी बरेच मागे हटवले. त्यांच्या हाती सुरुवातीला टेपरेकॉर्डरसुद्धा सहज नव्हता. आज सेवाग्रामच्या आणि वर्ध्याच्या महाविद्यालयांतल्या प्रत्येक मुलाच्या खिशात त्याहून चांगले यंत्र आहे. या मुलांपैकी काही जण गिटार वाजवतात, काहींचे स्वतःचे बँड आहेत, काही जण रॅप करतात, आणि स्नेहसंमेलनात ‘मा रेवा’ही कोणीतरी म्हणते. त्यांनी दिल्लीच्या बँडची गाणी जरूर वाजवावीत. पण राहुल राम ज्या रस्त्याने त्या गाण्यापर्यंत गेले, तो रस्ता खेड्यातून, मुक्कामातून, माणसांत राहण्यातून जातो. तेवढे केल्याशिवाय वर्धा नदीचे ‘मा रेवा’ कोणाच्या हाती लागणार नाही.

बाबांना हे आवडले असते असे आम्ही खात्रीने म्हणतो. कुष्ठरोग्यांमधला हा माणूस विशीत इंग्रजी सिनेमांवर परीक्षणे लिहीत होता, ग्रेटा गार्बोशी त्याचा पत्रव्यवहार होता. ‘ज्वाला आणि फुले’चा हा कवी होता. नव्याचे, परक्याचे, गडगडाटाचे त्याला भय नव्हते. आनंदवनात त्यांचे चिरंजीव डॉ. विकास आमटे यांनी अंध, अपंग आणि रोगमुक्त कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला आणि तो गावोगाव फिरवला. ज्यांच्याकडे लोक बघायला तयार नव्हते, त्यांना लोकांनी तिकीट काढून ऐकले. आमटे कुटुंबाच्या लेखी गाणे ही फावल्या वेळची गोष्ट नव्हती.

तेव्हा आज हिंगणघाटला, वर्ध्याला, आर्वीला बाबांच्या जयंतीचे जे कार्यक्रम होतील, त्यांच्या संयोजकांना आमची विनंती आहे. भाषणांतून पंधरा मिनिटे काढा. ‘मा रेवा’ लावा आणि ते लावण्याआधी कसरावद, फेरकुवा आणि मणिबेली ही तीन नावे मुलांना सांगा. आणि महाविद्यालयांतल्या मुलामुलींना सांगायचे ते असे, की संक्रांत पंधरा-वीस दिवसांवर आली आहे. वाणाच्या निमित्ताने घरोघरी बायका एकत्र येतील. धरणात गाव गेलेल्या एखाद्या आजीजवळ तेव्हा जाऊन बसा. तिची गाणी ऐका, मोबाइलवर उतरवून घ्या. गाण्याखाली गावाचे जुने नाव लिहा, आणि गाणाऱ्या बाईचे नाव लिहायला विसरू नका.